मोटारीचं बलुतं

राहीआत्याच्या पोटात गोष्ट राहत नसे. वडूजहून म्हसवडला जाताना रस्त्यापासून जरा आत माळेवाडी लागते, तिथली ती सुईण. आसपासच्या वाड्यांमधली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्माला आलेली, त्यामुळं पाटील असो की पैलवान, ती सगळ्यांना अरेतुरेच करायची. बाळंतपणाचा पैसा तिनं कधी घेतला नाही. बारशाला खण-नारळ मिळाला की तिची स्वारी खूश. मात्र झालेल्या बाळंतपणाची हकीकत ती पुढं महिनाभर सांगत सुटायची, आणि दर खेपेला हकीकत थोडी वाढलेली असायची.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली त्या हिवाळ्यातली गोष्ट. वाडीतली अंबूबाई अडली. मूल आडवं आलं होतं. राहीआत्यानं पोट चाचपलं आणि ओळखलं, हे आपल्या हातचं काम नाही. बैलगाडीनं वडूजचा दवाखाना गाठेपर्यंत अंबू वाचली नसती. आत्यानं पदर खोचला, धावत मोठा रस्ता गाठला आणि समोरून येणाऱ्या आकारामच्या मोटारीपुढं हात पसरून उभी राहिली.

आकाराम हा लढाईहून परतलेला फौजी ड्रायव्हर. साठवलेला सगळा पैसा घालून त्यानं जुनी मोटार घेतली होती आणि वडूज-म्हसवड उतारूंची ने-आण करत होता.

"आवं आत्या, बाजूला व्हा! मरायचं हाय का?" तो ओरडला.

"मी न्हाई, अंबू मरतीया. गाडी वाडीत घे."

"वाडीत? परमीट ह्या रस्त्याचं हाय आत्या. आत गाडीवाट, मदी ओढा…"

"आकारामा, तू पायाळू जलमलास तवा मी परमीट बघत बसले न्हवते!"

गाडीतले उतारू हसले. आकारामनं मुकाट्यानं चाक वळवलं. उतारूंना वाडीच्या पारावर बसवून अंबूला मागच्या बाकावर निजवलं आणि मोटार वडूजकडं निघाली. ओढ्यात उतरताना पुढचं चाक खड्ड्यात गेलं, आक्सल मोडला आणि मोटारीचं तोंड समोरच्या दरडीवर जाऊन आदळलं. रेडिएटर फुटला, वाफ उसळली. त्या हिसक्यानं मूल सरळ झालं, असं राहीआत्या शेवटपर्यंत सांगायची. डॉक्टरांना ते पटो न पटो, मोटारीतच अंबू बाळंत झाली, आणि आई नि लेकरू दोघंही खणखणीत राहिली.

मोडकी मोटार बैल जुंपून वडूजला सिकंदर मुलाणी मिस्त्रीच्या शेडमध्ये नेली. आकारामला मोठीशी काळजी नव्हती. मोटारीचा विमा उतरवलेला होता. विमा कंपनीचा साहेब आला, मोडतोड बघून "काम सुरू करा" म्हणाला आणि अपघाताची जागा बघायला वाडीत गेला. साहेब चांगला होता, आकाराम शहाणा होता, सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण साहेबाला जेवायला घातलं राहीआत्यानं.

भाकरी, वांग्याची भाजी आणि वर दही वाढून तिनं साहेबाला सगळी हकीकत ऐकवली. कुणी न विचारता. आकाराम येत नव्हता तरी आपण मोटार कशी वळवायला लावली, परमिटाचं नाव काढल्यावर त्याला कसं गप्प केलं, उतारूंना पारावर कसं बसवलं. शाबासकी मिळेल असं तिला वाटत होतं. साहेब जेवता जेवता "असं का?" म्हणत होता. जेवण झाल्यावर त्यानं हात धुतले आणि ते सगळं लिहून घेतलं.

पुढं कंपनीचा नकार आला. विमा ठरल्या रस्त्यावरच्या मोटारीचा, मोटार मालकानं आपखुशीनं आडरानात घातली, सबब कंपनी काही देणं लागत नाही.

तोवर सिकंदरनं मोटार दुरुस्त करून ठेवली होती. साहेबाच्या शब्दावर त्यानं सांगलीहून उधारीवर सामान आणलं होतं, आणि आता सांगलीचा दुकानदार त्याच्या मानेवर बसला होता. पैसे मिळाल्याशिवाय सिकंदर मोटार सोडेना, आणि मोटार सुटल्याशिवाय आकारामकडं पैसे येईनात. दोघंही सरळ माणसं, पण एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली. आकाराम तर मोटार विकून परत फौजेत जायच्या गोष्टी करू लागला.

राहीआत्याला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच तिला आपल्या जिभेची लाज वाटली. चार दिवस ती घराबाहेर पडली नाही, आणि वाडीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. पाचव्या दिवशी ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि चालत वडूजला सिकंदरच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली.

"मिस्त्री, मोटार सोड. पैसं मी बघते."

"मावशी, तुमी कुठनं बघणार?"

"वाड्या देतील. माझ्या वाडीची अडलेली बाई वाचवाया मोटार मोडली. नांगर मोडला तर लव्हार काय कंपनीची वाट बघतो व्हय? नांगर नीट करून देतो, आन सुगीला खळ्यावर येऊन बलुतं नेतो. शाळूची सुगी तोंडावर हाय. तू मोटारीचं बलुतं घे."

सिकंदरच्या हातातला पाना तिथंच थांबला. त्याचा चेहरा लाल झाला.

"मावशी, माझा बा गावची बकरी कापायचा, आन त्या मुलाणकीचं बलुतं मागत खळ्याखळ्यावर फिरला. सगळ्यांचं झालं की मग त्याला हाक मारायचे. रास उचलून झाल्यावर खाली जे मातेरं उरायचं, ते त्याच्या झोळीत. अर्धी माती, अर्धं दाणं. माझी आई रातभर निवडत बसायची. मी सांगलीला जाऊन हा पाना धरायला शिकलो ते कशापायी? मी खळ्यावर पाय ठिवणार न्हाई."

 राहीआत्याच्या घरच्या खळ्यावरही हे असंच व्हायचं, आणि तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात आतून सिकंदरची बायको हाजराबी म्हणाली, "आवं, ह्या घरात आता पाना शिजवून खायाचा व्हय? रेशनचा किडका गहू पोरं तोंडात धरंनात. मावशी एवढी ज्वारी देते म्हणती, तर ऐकून तर घ्या."

"तू खळ्यावर येऊच नगंस," राहीआत्या म्हणाली. "ज्वारी तुझ्या दारात यील. आन तिच्यात मातेरं घावलं, तर ते माझ्या तोंडावर मार."

"आधी ज्वारी येऊ द्या, मग मोटार सोडतो," सिकंदर म्हणाला.

शाळूची मळणी सुरू झाली आणि राहीआत्या खळी पालथी घालू लागली. हात जोडणं तिला जमतच नव्हतं. वारवून झालेल्या राशीजवळ ती फतकल मारून बसायची. देवाचं माप निघालं की लगेच म्हणायची, "आता मोटारीचं." आणि माप कडेनं भरू द्यायची नाही. राशीच्या पोटात स्वतः हात घालून तिथलं टपोरं धान्य काढायची.

शेजारच्या वाडीचा गुंडा अडून बसला. "मी कवा मोटारीत पाय ठिवलाय?"

"तू न्हाई ठिवलास. पर तुझी बायकू पोटुशी हाय, आन तिचे पाय आत्ताच सुजल्यात. अडली तर खांद्यावर नेणार हायस का वडूजला?"

गुंडानं माप भरलं. बायकोनं मागून येऊन दुसरं भरलं.

वाड्यावाड्यांना ही गोष्ट अशी काही भिनली की आत्या पोचायच्या आधीच काही ठिकाणी मोटारीचं पोतं शिवून तयार असायचं. आमच्या वाडीचं पोतं मोठं की तुमच्या, यावरून पारावर भांडणं होऊ लागली. जी मोटार विमा कंपनीला परकी वाटली, ती आता सगळ्यांच्या घरची झाली.

बाजाराच्या दिवशी बैलगाड्यांची रांग वडुजात शिरली. पुढच्या गाडीत पोत्यांवर राहीआत्या, नवं लुगडं नेसून, जणू तीच वरमाय. गाड्या शेडपुढं थांबल्या. बाजार सोडून माणसं गोळा झाली. सिकंदर पुढं आला. त्यानं पहिल्या पोत्याची शिवण उसवली आणि कोपरापर्यंत हात तळाला घातला. मूठ वर काढली. पांढरीशुभ्र ज्वारी, खडा नाही की काडी नाही. त्यानं दुसरं पोतं बघितलं, तिसरं बघितलं. मग बघायचं सोडून दिलं आणि बाहीनं डोळे पुसले.

"हाजरा," तो आत बघून म्हणाला, "मावशीला च्या टाक."

सांगलीच्या दुकानदाराचं भागण्यापुरती ज्वारी त्यानं बाजारात घातली, बाकीची घरात गेली. मग त्यानं हँडल मारलं, मोटार धडधडली आणि अख्ख्या बाजारानं आरोळी ठोकली. आकारामनं राहीआत्याला पुढच्या सीटवर बसवलं. त्या दिवशी म्हसवडपर्यंत वाटेतल्या प्रत्येक वाडीच्या फाट्यावर लोक उभे होते, आणि आकाराम हॉर्न वाजवता वाजवता दमला नाही.

वर्ष गेलं. मोटार वर्षभर सुरळीत धावली, साधा पट्टाही तुटला नाही. पुन्हा शाळूची मळणी आली. आत्यानं मोटारीचं माप काढायला सुरुवात केल्याचं सिकंदरच्या कानावर गेलं, तेव्हा तो स्वतः आकारामच्या मोटारीत बसून माळेवाडीला आला. जिथं पाय ठेवणार नाही म्हणाला होता, त्या खळ्याच्या कडेला उभा राहून म्हणाला, "मावशी, ऱ्हाऊ द्या. औंदा कायबी मोडलं न्हाई. माझं तुमच्याकडं कायबी येणं न्हाई."

राहीआत्यानं माप तसंच हातात धरलं आणि त्याच्याकडं नवलानं बघितलं.

"आरं मिस्त्री, नांगर मोडला न्हाई म्हणून लव्हाराचं बलुतं कुणी बंद केलंय का? मोडल्यावर द्यायचं असतं तर ती नुसती मजुरी झाली. बलुतं न मोडल्याचं असतं. ये, हिकडं राशीजवळ बस. देवाचं माप झालंय, आता तुझंच हाय."

आपापल्या बलुत्यासाठी बसलेले लोहार, सुतार सगळे सरकले. सिकंदरनं वहाणा काढल्या, खळ्यात आला आणि सगळ्यांच्या आधी राशीच्या कडेला मांडी घालून बसला.