आपल्यातला

हे लिहायला बसण्यापूर्वी मी खोलीचे दार लावून घेतले. घरात माझ्याशिवाय कोणी नाही, तरीही. यावरून तुमच्या लक्षात येईल की जे सांगणार आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांच्यासोबत दर रविवारी प्रार्थनेला बसतो त्यांना तर मुळीच नाही.

मी मराठीचा शिक्षक होतो. कोणतीही गोष्ट क्रमाने सांगावी, हे मी मुलांना आयुष्यभर सांगत आलो. पण ही गोष्ट क्रमाने सांगू लागलो की एका ठिकाणी लेखणी वळसा घालते. म्हणून आधी आजचे सांगतो. ते तुलनेने सोपे आहे.

आज मी वारूळवाडीत राहतो. मी येशूच्या मागे चालणारा आहे, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा मला काही त्रास नाही; निवृत्त माणसाला कोण काय म्हणणार? नव्याने विश्वासात आलेली माणसे माझ्याकडे येतात. घरचे बोलत नाहीत, भावकीने लग्नाला बोलावले नाही, जत्रेची वर्गणी द्यावी की न द्यावी — असले प्रश्न घेऊन येतात. मी त्यांना धीर देतो. आपण कोणाचे आहोत ते नम्रपणे, पण स्पष्ट सांगावे, असे म्हणतो. ते माझ्याकडे आदराने पाहतात आणि मी त्यांचे चेहरे निरखू लागतो. यांच्यातला कोणी अवसरीचा तर नसेल? कोणाला ती सकाळ आठवत तर नसेल?

नव्वदच्या दशकात मी अवसरी बुद्रुकला भाड्याने राहत होतो. गावाबाहेर, ओढ्यापलीकडे, मारुती आणि ठकूबाई असे एक जोडपे राहत असे. पश्चिमेच्या डोंगरातून, भात-नाचणीच्या मुलखातून, दोघे खाली कामाला आले होते. घरापुरती इवलीशी जागा त्यांनी विकत घेतली होती. येशूला ते वर असतानाच मानू लागले होते. गावात त्याची चेष्टा चाले — "नाव मारुतीचं आन् भजन येशूचं." मारुती हसून म्हणे, "राव, नाव आईनं ठिवलं. तवा मला कुनी इचारलं व्हतं का?"

दोघांनाही वाचता येत नव्हते. मारुतीने एकदा मला एक छोटे पुस्तक वाचून दाखवायला बोलावले. मी उपकार करायला गेलो. शुद्धलेखनाच्या चुका शोधत वाचत होतो. मजकुराकडे लक्ष केव्हा गेले ते कळलेच नाही. पुढच्या रविवारी न बोलावता गेलो. त्याच्या पुढच्याही.

पण कसा गेलो? सायकल ओढ्याअलीकडे बाभळीआड लावून. मागे पाहत. घरी सांगत असे की ठकूबाईला लिहायला-वाचायला शिकवतो. आणि खोट्याला थोडा आधार असावा म्हणून तिला खरोखरच मुळाक्षरे शिकवू लागलो. नारायणगावकडून दोघे-तिघे येत, तेही दर वेळी नाही. दार लोटलेले असे. बाहेर कोणाची चाहूल लागली की माझा आवाज आपोआप खाली येई. मारुतीचा कधी आला नाही.

मला शंकाही फार होत्या — आजही आहेत. एकदा मी ठकूबाईला विचारले, तुम्हाला खात्री कशी वाटते? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "खात्री कुनाला हाये, गुर्जी? त्यो म्होरं चाललाय, आमी मागं. पाय लई दुखत्यात. पन मागं फिरून जायाचं कुठं?" हे ऐकून मला बरे वाटले होते. मीही मागे चालतो आहे, असे मी धरून चाललो.

मग मारुतीला ताप आला, आणि त्या तापातच तो गेला.

घरामागच्या आपल्याच जागेत मला मातीत ठेवा, असे तो सांगून गेला होता. सकाळी माणसे जमली. शेजारचे शेत तात्यांचे, त्यांची विहीर अगदी लगत. हे तात्या म्हणजे ज्यांच्या घरात मी भाडेकरू होतो ते. माझ्या मुलीची लोणीची सोयरीकही त्यांच्याच शब्दावर ठरत आली होती. तात्या वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. विहिरीशेजारी असे काही नको, उद्या कोणी काही बोलले तर निस्तरायचे कोणी, एवढेच त्यांचे म्हणणे. शेवटी ते म्हणाले, "हे बगा, गावातलं एक जरी जबाबदार मानूस ह्यांच्यात आसंल, तर त्यानं म्होरं यावं. मी आडवा येनार न्हाई."

म्हणजे काय, हे तुमच्या लक्षात आले ना? एका माणसाने एक पाऊल पुढे टाकायचे होते. नारायणगावला निरोप पोचला नव्हता. जमलेल्यांत असा माणूस एकच होता.

तात्या माझ्याकडे वळले. "गुर्जी, तुमची सायकल दिसती हिकडं. तुमी ह्यांच्यातलं का आपल्यातलं?"

वर्गात मी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद शिकवत असे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. दोन्ही शब्द अनेकवचनी, पण कुंपण वेगवेगळ्या जागी. हे मुलांना पटावे म्हणून मी फळ्यावर दोन वर्तुळे काढत असे. इतक्या नेमकेपणाने ज्याला हे ठाऊक होते, त्याच्या तोंडून शब्द चुकून गेला, असे कसे म्हणता येईल?

"आपल्यातलाच," मी म्हणालो.

कोणीतरी हसले. "म्हनलंच, गुर्जी कशाला त्या नादी लागत्यात." तात्या मात्र अजून पाहत होते. सायकलचा प्रश्न तसाच होता. मी काही बोलण्याआधी मारुतीच्या उशाशी बसलेली ठकूबाई म्हणाली, "गुर्जी मला वाचाया शिकवत्यात. आमच्या परार्थनेचं त्यांना काय बी ठावं न्हाई."

तिने हे माझ्याकडे न पाहता सांगितले. नवरा समोर निजलेला, त्याची जागा जाते आहे, आणि ती खोटे बोलली — मला सोडवण्यासाठी. माझे खोटे तिने स्वतःच्या तोंडाने पुरे केले. मी ते करू दिले. खरे सांगू? त्या क्षणी मला शरम वाटली नाही. सुटल्यासारखे वाटले. शरम पुढे आली, आणि मग ती गेली नाही.

मुलगी लोणीला नांदते आहे. तिचे बरे चालले आहे. तिचा संसार त्या एका शब्दावर उभा आहे काय, हे मी स्वतःला विचारू धजत नाही. भीती होती, हे खरे. पण ठकूबाईला काय भीती नव्हती? मारुतीला घेऊन ती डोंगरात गेली, ती पुन्हा खाली आली नाही. जागा तात्यांनीच रास्त भावाने घेतली, असे ऐकले. मी वर तिच्या गावी कधी गेलो नाही. रस्ता ठाऊक होता, एस.टी. जात होती.

त्या दिवशी शेवटी मारुतीला डोंगरात न्यायचे ठरले. दुपारी टेम्पो आला. चार जणांनी देह उचलून आत ठेवला. त्यांत मी होतो — शेजारधर्म म्हणून कोणालाही खटकणार नव्हते. ठकूबाई टेम्पोच्या मागच्या फाळक्याला धरून उभी राहिली. डोळे मिटून, सगळ्यांसमोर, नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "बापा, ह्यो तुज्या मागं आला. हितवर आला. आता म्होरचं तू बग."

मग ती थांबली.

प्रार्थना एक जण सांगतो आणि शेवटी बाकीचे ‘आमेन’ म्हणतात. त्या घरात रविवारी तसेच होत असे. ती थांबली ती सवयीने, त्या शब्दासाठी. माणसे गप्प होती. त्यांना काय म्हणायचे असते ते माहीत नव्हते. मला माहीत होते. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होतो आणि स्वतःच्या चपलांकडे पाहत होतो.

थोडा वेळ तिने वाट पाहिली. मग तो शब्द तिने स्वतःच म्हटला, आणि ड्रायव्हरला फाळका लावायला सांगितले.