एक कॅमेरा, दोन भिंगं आणि मामीचा एकच फोटो

"येऊन घेऊन जाय, नाहीतर भंगारवाल्याले देतो," मामीने फोनवर फर्मान काढलं आणि माझं शनिवार-रविवारचं ठरलं.

मामी म्हणजे माझी अर्जुनी मोरगावची मामी. वय पंच्याहत्तरीच्या आतबाहेर, आवाज मात्र विशीतला. (आमच्या झाडीपट्टीत बायकाही 'येतो-देतो' म्हणतात, पुणेकर वाचकांनी लाल पेन खाली ठेवावं.) मामांचा तिथे फोटो स्टुडिओ होता. दोन वर्षांपूर्वी मामा गेले आणि आता त्या जागेत मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. मागे उरला तो मामांचा जुना रेंजफाइंडर कॅमेरा, फिल्मवर चालणारा, विटेसारखा जड. तो मला मिळणार होता, पण मामीने एक मेख मारून ठेवली होती. "भिंगं दोन हायेत. एकच देईन. दुसरं मले लागते."

एक लेन्स छोटी, एक मोठी, पण दोन्ही पन्नास मिलिमीटरच्या, म्हणजे स्टँडर्ड. डोळ्याला जग जसं दिसतं साधारण तसंच दाखवणाऱ्या, ना फार रुंद, ना फार जवळ. मग त्यांतली कुठली घ्यायची? तीन संध्याकाळी मी इंटरनेटवर घालवल्या. तिथे या विषयावर माणसं भाऊबंदकीत भांडावं तशी भांडतात. एक म्हणतो छोटी लेन्स म्हणजे शुद्ध तूप, दुसरा म्हणतो डालडा. शेवटी मी दोन रोल विकत घेतले (एका रोलच्या पैशात दोघांचं हॉटेलात पोटभर जेवण होतं, घरी सांगू नका) आणि ठरवलं, जाऊन बघूच.

नागपूरहून गोंदिया रेल्वेने दोन-अडीच तास. गोंदियाला उतरलं की भाषा बदलते, चहावालाही 'कड़क दूँ क्या मैडम' म्हणूनच विचारतो. तिथून बल्लारशाच्या लाईनवरची पॅसेंजर पकडायची. गाड्या मोजक्याच आहेत, वेळ आधी बघून निघा, नाहीतर स्टेशनवर समोसे मोजत बसाल. एसटीही आहे आणि बायकांना अर्धं तिकीट, पण या दिवसांत मी रेल्वेच सुचवेन. दिवाळी नुकतीच झालेली, दोन्हीकडे धान कापून पडलेला, मधेच पाण्याने भरलेली बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, आणि तिच्यात उभा एखादा बगळा. समोर बसलेल्या बाईने मांडीवरची पिशवी सावरत विचारलं, "कुठं जाऊन राहिलीस?"

"अर्जुनीला, मामीकडे."

"मामा नाही का?"

"गेले."

"मंग मामीले भेटाले जाऊन राहिली म्हण ना. चांगलं हाय," ती म्हणाली आणि मला एक पेरू दिला. मी कॅमेरा आणायला जात होते हे सांगायची मला लाज वाटली.

मामीने दारातच माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "वाळून गेलीस बाप्पा!" मी मागच्या वर्षीपेक्षा चार किलोने वाढले आहे, पण मामीशी वाद घालायची माझी टाप नाही. जेवायला झिंगे टाकून केलेली वांग्याची भाजी आणि ढीगभर भात. हा बेत कुठल्याही हॉटेलात मिळत नाही, त्यासाठी अर्जुनीत एक मामी असावी लागते.

जेवण झाल्यावर कपाटातून डबा निघाला. कॅमेरा इतका तेल दिल्यासारखा चालत होता की मी चाटच पडले. "दर पुनवेले खटका दाबतो मी," मामी म्हणाली. "त्यायनं सांगून ठेवलं होतं, बसून राहिला का आखडते." दोन वर्षं ही बाई रिकाम्या कॅमेऱ्याचा खटका दाबत होती, आणि म्हणे भंगारवाल्याले देतो!

छोटी लेन्स कॅमेऱ्यालाच लावलेली होती. ती आत ढकलता येते. वापरताना नळी बाहेर ओढायची, थोडी फिरवून अडकवायची, काम झालं की परत आत. तिच्यावरचे आकडे मामांच्या बोटांनी झिजून गेले होते. मोठी लेन्स निघाली मामीच्या गोळ्या-औषधांच्या डब्यातून. मामी ती उलटी डोळ्याला लावून गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचते, आणि बियाण्याच्या धानात भेसळ आहे का तेही बघते. ही लेन्स जाड, एकसंध, कमी उजेडातही चालणारी, आणि चक्क नवीकोरी होती.

"मामांनी ही वापरलीच नाही?"

"नाही," मामी म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

त्या घराच्या भिंतीवर सगळे आहेत. मी फ्रॉकमध्ये आहे, शेजाऱ्यांची म्हैससुद्धा आहे. मामी नाही. लग्नाच्या एका फोटोत आहे, पण त्यात मुंडावळ्या आणि नाकाचा शेंडा एवढंच दिसतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मामी कॅमेऱ्यासमोर बसत नाही हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, का ते कोणालाच माहीत नाही. त्या भिंतीसमोर उभं राहून मी ठरवून टाकलं. लेन्स कुठलीही मिळो, मामीचा एक फोटो घेतल्याशिवाय मी जाणार नाही.

रविवारी सकाळी नवेगावबांध. अर्जुनीहून एसटी मिळते, वडाप रिक्षाही मिळतात. थंडीत बांधावर सकाळी लवकर पोचा, पक्षी दिसतात. पहिला रोल मोठ्या लेन्सवर. या कॅमेऱ्याची गंमत अशी, की तुम्ही लेन्समधून बघतच नाही. वरच्या एका छोट्या खिडकीतून बघायचं. मध्ये पिवळसर ठिपक्यात एकाच्या दोन प्रतिमा दिसतात, लेन्स फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की फोकस झालं. मी पाणी, टेकड्या, होडी, असं सगळं मन लावून टिपत होते. पाच फोटो झाल्यावर भजी तळणारी बाई ओरडली, "अवो बाई, झाकण काढा ना!"

लेन्सवर झाकण तसंच होतं. खिडकीतून काय, सगळं छानच दिसणार! पाच फोटोंची माती झाली आणि भजीवालीच्या गिऱ्हाइकांची करमणूक. मी दोन प्लेट भजी घेऊन झाली तेवढी अब्रू झाकली. झाकण पिशवीच्या तळाशी टाकून दिलं आणि स्वतःलाच म्हटलं, झालं, आता आपण शिकलो.

दुपारी दुसरा रोल छोट्या लेन्सवर. तुम्हीही अशाच पेचात असाल तर माझा अनुभव घ्या. मोठी लेन्स सावलीत कामाची, पण खिडकीतल्या चित्राचा एक कोपरा झाकते आणि मान दुखवते. छोटी भर उन्हात मस्त, आत ढकलली की पर्समध्येही मावते. दोन्ही हातभराहून जवळचं काही टिपत नाहीत, तेव्हा भज्यांचे फोटो विसरा, भजी खा. माझं मन छोटीवर बसलं. खरं सांगायचं तर ते झिजलेले आकडे बघूनच बसलं होतं.

परत आल्यावर मी मामीला गाठलं. रोलमध्ये शेवटचा एकच फोटो मुद्दाम राखून ठेवला होता.

"मामी, एक फोटो."

"काऊन? मेल्यावर भिंतीले लटकवाले पाहिजे का?"

"हो," मी म्हटलं. मामीशी खोटं बोलून चालत नाही. "आणि त्याआधी माझ्या घरी लावायला."

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मोठं भिंग माझ्यापाशी राहू देशील?"

"दिलं. छोटं नेते."

"मंग काढ. पण एकच."

अंगणात ऊन कलायला लागलं होतं. मी धावत कॅमेरा आणला, पर्समधून काढला, मामीला खुर्चीवर बसवलं. छत्तिसावा फोटो, चुकायला जागाच नाही. झाकण बघितलं, नव्हतं. प्रकाश मोजला. पिवळ्या ठिपक्यातल्या दोन मामी एकीवर एक आणल्या. मामी माझ्या हाताकडे बघत काहीतरी बोलायला लागली, "अवो पोट्टी, पण ते—"

"मामी, तोंड बंद! हलेल!"

मामीने तोंड बंद केलं. ओठ दाबले, डोळ्यांत हसू आलं. खटका.

संध्याकाळच्या गाडीने मी गोंदिया, तिथून रात्रीपर्यंत नागपूर. मोठी लेन्स गोळ्यांच्या डब्यात परत गेली होती. माझ्या मते सौदा फायद्याचा झाला होता.

नागपुरात फिल्म धुऊन देणारे एक काका आहेत. आठ दिवसांनी त्यांनी बोलावलं. दोन्ही लेन्सचे फोटो शेजारी ठेवून मी भिंगाने तासभर बघितले. तुपात आणि डालड्यात मला कणाचाही फरक दिसला नाही. पण छत्तिसावा फोटो म्हणजे नुसतं धुकं. धुक्यात एक खुर्ची, खुर्चीवर एक पांढरट ढग.

"हात हलला का?" मी विचारलं.

"हललेला असा नसतो," काका म्हणाले. "लेन्स बाहेर ओढली होती का?"

पर्समध्ये मावावी म्हणून मी ती आत ढकलली होती. धावत आणली आणि तशीच वापरली. खिडकीत अर्थातच सगळं छान दिसत होतं. मला तिथेच रडू आलं, आणि काकांनी बिचाऱ्यांनी मला खुर्ची दिली.

दोन दिवस मामीला फोन करायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे मामी हसायला लागली, ते पार ठसका लागेपर्यंत.

"मी सांगून राहिली होती ना, भिंग बाहीर ओढ म्हणून! तूच म्हणलीस, तोंड बंद."

"मामी, तुम्हाला कसं कळलं?"

"मले नाही कळन तं कोणाले कळन? लगनाच्या वर्षी तुझे मामा मले नवेगावच्या बांधावर घेऊन गेले होते. नवं लुगडं नेसली होती मी. सारा रोल माझा काढला. धुतला तं सारं धुकं. भिंग आतच राहिलं होतं. मी म्हणलं, साऱ्या गावाचे फोटो चांगले येतात अन् बायकोचेच कसे बिघडतात? आता मी नाही बसत. मंग त्यायनं ते मोठं आणलं. त्याले ओढाची भानगडच नाही. माझ्यासाठीच आणलं. 'एकदा बस', 'एकदा बस' म्हणत राहिले. मी नाही बसली."

मी धुक्याचा तो फोटो पुन्हा हातात घेतला.

"बसाले पाहिजे होतं ना वो," ती म्हणाली.

धुक्याचा फोटो मी फ्रेम करून टेबलावर ठेवला आहे. येणारे-जाणारे विचारतात, हे काय? मी सांगते, आमची मामी. छोटी लेन्स कॅमेऱ्यावरच आहे आणि मी ती रोज एकदा बाहेर ओढून बघते, पण कुठली चांगली हे मला आता विचारू नका. येत्या शनिवारचं गोंदियाचं तिकीट काढलं आहे. एक रोल घेतला आहे आणि सगळेच्या सगळे छत्तीस मामीचे आहेत, तसं तिला फोनवर सांगितलंही.

"छत्तीस कायले?" मामी म्हणाली. मग जरा थांबून, "बरं, ये. माझं भिंग पुसून ठेवतो."