दोन लयींची मंडळी

सोलापुरात सात रस्त्याच्या गर्दीतून आतल्या बोळात वळलं, की टायरच्या दुकानाला लागून एक बसकं दगडी चर्च दिसतं. दिसतं म्हणजे, टायरवाल्यानं त्या दिवशी भिंतीला टायर रचून ठेवले नसतील तर. दारावर 'प्रेसबिटेरियन मंडळी' अशी पाटी आहे, पण तिचा अर्थ बोळात कुणाला ठाऊक नाही. रिक्षावाल्याला 'चंद्रव्वाबाईंचं चर्च' म्हटलं की तो बिनचूक आणून सोडतो. तिथं पेटी वाजवणाऱ्या सिद्धाप्पांना याचा मनस्वी राग यायचा.

चंद्रव्वाबाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आवाज असा, की त्यांनी वर्गात 'गप्प बसा' म्हटलं की शेजारच्या वर्गातले गुरुजीसुद्धा गप्प बसत. नवरा वारलेला, मुलगी सुकन्या पुण्यात. घरी त्यांच्या आवाजाला पुरेसं काम उरलं नव्हतं, म्हणून तो सगळा चर्चच्या वाट्याला आला.

या पंथात बिशप नसतो, वरून हुकूम येत नाही. मंडळीनं निवडलेली माणसं, म्हणजे वडील, चर्चेनं आणि मतानं कारभार चालवतात, आणि अशा बऱ्याच मंडळ्यांची मिळून प्रेसबिटरी नावाची एक मोठी सभा असते. चाळीसेक माणसांच्या या मंडळीत त्यामुळं माणसांपेक्षा ठराव जास्त होते. पंखा कुठल्या बाकावर फिरावा याचा ठराव होता. तो ठराव मागं घेण्याचा ठराव होता. पाळक नंदीश परगावाहून महिन्यातून एकदा येत, प्रभुभोजन देत आणि सेशनची, म्हणजे वडिलांची, सभा सुरू व्हायच्या आत मिळेल ती गाडी पकडत. बाकीचे रविवार दोन वडिलांच्या हवाली. एक चंद्रव्वाबाई, दुसरे सिद्धाप्पा.

सिद्धाप्पा मूळचे दुधनीचे. यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून उभा जन्म काढलेला, त्यामुळं कान जरा मंद, पण पेटीवर हात गोड. भांडण या पेटीवरूनच. सिद्धाप्पा गीत संथ वाजवायचे, बाई भरभर म्हणायच्या. दोघंही हटायचे नाहीत. बाई आमेनला पोचायच्या तेव्हा पेटी शेवटच्या कडव्याच्या दारात असायची. मंडळी निम्मी इकडं, निम्मी तिकडं. प्रत्येक गीत दोनदा संपायचं. नवा पाहुणा पहिल्या आमेनला खाली बसायचा आणि लाजून पुन्हा उठायचा.

यावर उपाय म्हणून गीत-लय उपसमिती नेमली. सदस्य तेच दोघं. बऱ्याच बैठकांनंतर समितीनं मतभेद असल्याचं एकमतानं जाहीर केलं.

पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. संथ पक्षातलं कुणी रविवारी घरी राहत नसे, कारण मग भरभर पक्षाचं फावलं असतं. भरभर पक्षाचंही तसंच. नळाला पाच दिवसांनी पाणी यायचं आणि ते नेमकं उपासनेच्या वेळी आलं, तरी माणसं घागरी शेजारणीला सांगून चर्चला यायची. पाळक नंदीश या निष्ठेबद्दल उपदेशात देवाचे आभार मानायचे.

मग ईस्टर आला. त्या दिवशी सिद्धाप्पांनी पुनरुत्थानाचं गीत असं काही संथ घेतलं, की बाई दुसऱ्या कडव्यालाच थांबल्या. भर मंडळीत वळून म्हणाल्या, "सिद्धाप्पा, प्रभू तिसऱ्या दिवशी उठला. तुमच्या पेटीवर चौथा उजाडेल!"

चर्च हसलं. संथ पक्षही हसला, तेवढं वाईट झालं. सिद्धाप्पांनी भाता मिटला, पेटीवर कापड घातलं, चष्मा खिशात ठेवला आणि बाहेर पडले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

पहिला रविवार बाईंनी विजयोत्सवासारखा काढला. पेटीविना सगळी गीतं त्यांच्या लयीत झाली. उपासना इतकी लवकर आटोपली, की चहावाला पोचलाच नव्हता. दुसऱ्या रविवारी त्यांनी मुद्दाम अवघड गीत काढलं, वर बघितलं, हरकत घ्यायला कुणी नव्हतं. संथ पक्षाला म्होरक्या उरला नव्हता, म्हणून तो येईना. भरभर पक्षाला हरवायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तोही ढिला पडला. कुणाच्या नळाला पाणी आलं, कुणाचा पाहुणा आला. बाकांवरचं लाकूड जास्त दिसू लागलं.

सुकन्याचा फोन आला. "आई, एवढ्या उन्हात कशाला जातेस? ऑनलाईन उपासना बघ की घरी बसून."

"बघितली," बाई म्हणाल्या. "त्यात मी काही बोललं तर कुणाला ऐकूच जात नाही."

मग पाळक नंदीशांचा फोन आला. एरवी घाईत बोलणारा माणूस त्या दिवशी दमादमानं बोलत होता, तेव्हाच बाईंनी ओळखलं, बातमी बरी नाही.

"बाई, प्रेसबिटरीकडून शिष्टमंडळ येतंय. लहान मंडळ्या मोठ्यांत विलीन करायचं चाललंय. नियमानं सेशनला दोन वडील लागतात. तुमच्याकडं आता..."

"दोन आहेत," बाई म्हणाल्या. "एक रुसलाय."

सिद्धाप्पा कुठं जातात ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा मुलगा शिवू आणि सून ऋतुजा त्यांना दर रविवारी एका मंगल कार्यालयात भरणाऱ्या 'महाआशीर्वाद केंद्रा'त नेत. चंद्रव्वाबाईंनी इस्त्रीचं पातळ काढलं आणि आपल्या चर्चची उपासना सकाळीच उरकून तिकडं रिक्षा केली.

दारात एका तरुणानं हसून त्यांच्या पदराला 'मी आशीर्वादित' असा बिल्ला लावला. "वेलकम, ममा!"

"कुणाची ममा?" बाईंनी विचारलं. तो आणखी हसला. तिथं सगळेच हसत होते. आत गार हवा होती, भिंतभर पडदा होता आणि व्यासपीठावरून पांढरा धूर निघत होता. बाईंनी सवयीनं पाण्याची बादली शोधली. आग नाही, हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं ऋतुजानं कानात सांगितलं.

मग गाणं सुरू झालं. ड्रम असे काही कोसळले, की बाईंच्या कानातल्या कुड्या थरथरल्या. गाणं सुसाट निघालं. चंद्रव्वाबाई, ज्यांनी उभ्या आयुष्यात एका गीतापुढं हार मानली नव्हती, त्या पहिल्याच ओळीला मागं पडल्या. दुसरी ओळ पडद्यावर येऊन निघूनही गेली. त्यांनी धापा टाकत शेजारच्या रांगेत बघितलं. तिथं सिद्धाप्पा बसले होते. छातीवर तोच बिल्ला. डोळे मिटलेले, आणि मांडीवर दोन्ही हातांची बोटं हळूहळू फिरत होती. ते आपलंच एक गीत वाजवत होते, आपल्याच लयीत.

बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. सिद्धाप्पांनी डोळे उघडले, आणि पेटीचोर सापडावा तशी बोटं मुठीत लपवली.

"लई फास्ट हाय की हो हे," ते म्हणाले.

"फारच," बाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकमत झालं ते हे पहिलं. दोघंही जरा दचकले.

बाहेर येऊन ते उसाच्या रसाच्या गाडीवर बसले. बाईंना माफी मागायची होती. शाळेत हजारो पोरांना त्यांनी माफी मागायला लावली होती, पण स्वतःला सराव नव्हता. ग्लास संपला, तरी त्या बर्फच हलवत बसल्या.

"ईस्टरला मी बोलले ते," शेवटी म्हणाल्या, "तसं बोलायला नको होतं. सगळ्यांसमोर तर नकोच."

सिद्धाप्पा रस्त्याकडं बघत होते. "मी काय हळू वाजवायला जन्मलो नव्हतो, बाई. पोरपणी दुधनीत मी लई जोरात वाजवायचो. पण लगीन झालं, आणि नीलम्माला दम्याचा तरास. ती शेवटच्या बाकावर बसायची, तुमाला ठाव हाय. तिला गीत म्हणायची लई हौस, पण वळ पुरी व्हायच्या आत दम तुटायचा. म्हणून मी तिच्या दमावर वाजवत गेलो. ती गेली. हात तितंच राहिला."

नीलम्मा बाईंची मैत्रीण होती. शेवटच्या आजारात बाईंनी तिला पेज नेऊन दिली होती, उशाशी बसून तिच्यासाठी गीतंही म्हटली होती. भरभर.

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच चिडल्या, कारण रडण्यापेक्षा ते सोपं होतं. "साकु, पुरे! अहो, एवढं तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"तुमी इचारायला पायजे होतं की," सिद्धाप्पा म्हणाले. "तुमी ठराव मांडला."

शिष्टमंडळ आलं त्या रविवारी नळाला पाणी आलेलं होतं. तरी चर्च भरलं, कारण सिद्धाप्पा परत येणार ही बातमी होती आणि पुढं काय होतं ते घागरीपेक्षा महत्त्वाचं होतं. शिष्टमंडळात दोन गंभीर गृहस्थ, एक फाईल आणि तिचे अध्यक्ष. त्यांना पहिल्या बाकावर बसवलं. पंखा ठरावाप्रमाणं दुसऱ्या बाकावर फिरत होता.

सिद्धाप्पांनी पेटी उघडली. चंद्रव्वाबाई उभ्या राहिल्या. नीलम्माची आठवण धरून त्यांनी ठरवलं होतं, आज संथ म्हणायचं. सिद्धाप्पांनीही बाईंचा मान राखायचा ठरवून ठेवलं होतं. त्यांनी भाता मारला आणि पेटी अशी दौडत सुटली, की पहिलं कडवं बाई अजून उंबऱ्यात असतानाच पार झालं. मंडळी हवालदिल झाली. संथ पक्ष बाईंच्या मागं गेला, भरभर पक्ष पेटीच्या. पेटीनं आमेन गाठलं, थांबून बाईंची वाट बघितली आणि त्या येईनात म्हणून पुन्हा मागं गेली. अध्यक्ष पहिल्या आमेनला बसले आणि लाजून उठले.

"अहो, हळू!" बाई ओरडल्या. "मी तुमच्यासाठी हळू म्हणतेय!"

"मग मी कुणासाठी पळतोय?" सिद्धाप्पा ओरडले.

या वेळी ते स्वतःच आधी हसले.

उपासनेनंतर अध्यक्षांनी फाईल उघडली. "मंडळीची वाढीची योजना काय आहे?"

तीन-चार जण एकदम बोलू लागले आणि प्रत्येकाची योजना वेगळी निघाली. बाईंनी मुलांच्या वर्गाची गोष्ट काढली, सिद्धाप्पांनी त्याला दुरुस्ती सुचवली, दुरुस्तीला मागच्या बाकावरून रंभाबाईंनी उपदुरुस्ती दिली. अध्यक्षांनी घाम पुसला.

"विलीनीकरणाला हरकत कुणाकुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

सगळे हात वर झाले. दारात टायरवालाही उभा होता. शिष्टमंडळाची जीप बाजूला घ्या म्हणून सांगायला तो आला होता. त्यानंही हात वर केला.

"तुम्ही सभासद आहात?"

"नाय साहेब," तो म्हणाला. "पण ही मान्सं गेली तर रविवारी हितं लई शांत हुईल."

जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि आमटी होती. चटणीनं डोळ्यांत आलेलं पाणी पुसत अध्यक्षांनी पाळक नंदीशांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की मंडळी लहान आहे खरी, पण ती शांतपणे संपेल अशी कसलीही लक्षणं त्यांना दिसत नाहीत. विलीनीकरण तूर्त पुढं ढकललं. तूर्त म्हणजे कधीपर्यंत, हे कुणी विचारलं नाही. प्रेसबिटरीलाही बरीच कामं असतात.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंना चिकुनगुनिया झाला. सांधे असे धरले, की खाटेवरून उठवेना. शनिवारी संध्याकाळी सेशनची सभा होती, म्हणून सिद्धाप्पा आणि पाळक नंदीश त्यांच्याच घरी आले. ऋतुजानं भाताची पेज करून दिली होती, ती सिद्धाप्पांनी स्टुलावर ठेवली. पाळकांनी प्रार्थना केली. मग सिद्धाप्पांनी घसा साफ केला.

"बाई बऱ्या होईपर्यंत शास्त्रपाठ रंभाबाईनं वाचावा, असा माझा ठराव."

"रंभाबाईला चष्मा लागलाय, ती घालत नाही," बाई खाटेवरून म्हणाल्या. "हरकत."

"मग तुमीच सांगा कोण वाचंल ते."

"मी."

"उठता येत न्हाय तुमाला."

"कुणी सांगितलं?"

पाळक नंदीशांनी घड्याळाकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी चंद्रव्वाबाई रिक्षातून आल्या. एका बाजूला रंभाबाईंचा आणि दुसऱ्या बाजूला ऋतुजाचा आधार घेत त्या व्यासपीठापर्यंत गेल्या, पवित्र शास्त्र उघडलं आणि बसूनच, सावकाश, प्रत्येक शब्दाला दम घेत वाचू लागल्या. सिद्धाप्पा पेटीजवळ कानामागं हात धरून ऐकत होते.