काजबाईचं दुसरं ताट

माझं इस्त्रीचं दुकान जिन्याखाली आहे. दुकान म्हणायचं आपलं. एक टेबल, एक दिवा, आणि मान वाकवून उभा राहणारा मी. वरच्या मजल्यावर काजबाई राहते. कोटांना हातानं काजं करते, बटणं लावते, म्हणून काजबाई. कारखान्यातून कोटांचे गठ्ठे आधी तिच्याकडे जातात, तिचं झालं की माझ्याकडे इस्त्रीला उतरतात. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, बहीण होती तीही गेली. बाई दिवसभर खिडकीशी बसून दोऱ्याला मेण लावते. तिचा दिवस कसा गेला हे मला कोटांवरून कळतं. मन ठिकाणावर नसलं की ती दोरा जास्त ओढते, काजाच्या कडेला कापड गोळा होतं, आणि ते सरळ करता करता माझ्या नाकी नऊ येतात.

तिच्या घरात एक रीत आहे. जेवायला बसताना ती दोन ताटं मांडते, एक आपलं आणि समोर एक मोकळं. पाण्याचा पेला, घडी घातलेला रुमाल, सगळं साग्रसंगीत. जेवण झालं की ते न वापरलेलं ताट धुऊन पुसून फडताळात ठेवते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नवऱ्यासाठी मांडत असेल बिचारी. विचारलं तर म्हणाली, छे, हे परक्यासाठी. तिची आई लहानपणी लढाईतून पळून, सरहद्द ओलांडून या शहरात आली होती. अंगावरचे कपडे तेवढे होते. एका पाववाल्याच्या बायकोनं तिला रस्त्यावरून उचललं, घरात नेलं आणि स्वतःच्या पोरांच्या ओळीत जेवायला बसवलं. तेव्हापासून आईनं नेम धरला, की आपल्या घरात एक ताट कायम जास्तीचं. परक्याला घेतलं तर प्रभूलाच घेतलं, असं ती म्हणायची. आई गेली, ताट लेकीकडे आलं.

मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा माणूस. उपदेश लांबला की माझा डोळा लागतो. त्यामुळे मी तिची चेष्टा करायचो. बाई, प्रभू येताना आधी कळवणार आहे का? मग इस्त्री केलेलाच कोट घालून येऊ दे म्हणावं. ती हसायची आणि म्हणायची, तुझ्या जिभेला काही हाड नाही. पण त्या ताटावर कोणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. तिच्याकडे येणार तरी कोण होतं?

मग गेल्या थंडीत आमच्या रस्त्याच्या टोकाला जे जुनं गोदाम आहे, तिथे पळून आलेली माणसं आणून ठेवली. कुठल्या तरी देशात गावंच्या गावं जळली होती. पाठीवर बोचकी, कडेवर पोरं. आमच्या रस्त्यावरच्या लोकांनी काय केलं? दारांना नवीन कड्या बसवल्या. कारखान्याच्या मालकानं मात्र त्यातल्या एकाला गठ्ठे वाहायला ठेवलं. धर्म म्हणून नव्हे, स्वस्तात मिळाला म्हणून, वहीत नावही न लिहिता. चाळिशीचा असेल, उंच, खांदे पडलेले. आम्ही त्याला गठ्ठेवाला म्हणायला लागलो. आपली भाषा त्याला मोडकीतोडकी यायची. सकाळी गठ्ठा घेऊन वर जायचा, संध्याकाळी तयार कोट घेऊन माझ्याकडे उतरायचा. कोट मात्र तान्ह्या पोरासारखे दोन्ही हातांवर आडवे धरून आणायचा, एक सुरकुती नाही. एवढ्यासाठी मला तो आवडायला लागला.

काजबाईलाही त्याची दया आली. ती त्याला रोज डबा द्यायला लागली, पाव, उकडलेले बटाटे, कधी रस्सा. पण कसा द्यायची? दाराची साखळी लावलेलीच. फटीतून डबा बाहेर, फटीतून गठ्ठ्यातले कोट एकेक करून आत. तो बिचारा वरच्या पायरीवर बसून जेवायचा, डबा जिन्यावरच्या नळाला धुवायचा आणि दाराशी ठेवून जायचा. आणि त्याच वेळी आत, त्याच दाराच्या पलीकडे, ही बाई दोन ताटं मांडून एकटी जेवत असायची. समोर मोकळं ताट, घडीचा रुमाल, पाण्याचा पेला.

मला हे जिन्याखालून सगळं ऐकू यायचं. बाहेर त्याचा चमचा वाजायचा, आत तिचा. मी मूग गिळून बसलो होतो. एकटी बाई, वय झालेलं, शेजारीपाजारी काय म्हणतील, हे मलाही कळत होतं. पण मग एका रविवारी पाळकसाहेबांनी याच विषयावर उपदेश केला. म्हणाले, परक्याला छळू नका एवढंच देवानं सांगितलेलं नाही. त्याला आपल्यातलाच एक धरा, असं सांगितलंय, कारण तुम्हीही कधी परक्या मुलखात परके होतात. दारातून भीक घालणं वेगळं आणि घरात घेणं वेगळं. त्या दिवशी माझा डोळा काही लागला नाही. काजबाई पुढच्या बाकावर बसून मान डोलावत होती. ते पाहून माझं डोकं फिरलं.

परत येताना जिन्यात मी तिला गाठलं आणि सरळ विचारलं, "बाई, ते ताट नक्की कोणासाठी मांडता?"

ती म्हणाली, परक्यासाठी, तुला माहीत आहे.

"मग पायरीवर जेवतो तो कोण?"

तिचा चेहरा उतरला. ती वर निघून गेली. नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कोट यायचे, आणि प्रत्येक काजाच्या कडेला कापड गोळा झालेलं. मी निमूटपणे सरळ करत बसलो. जीभ चालवली होती ना, मग आता भोगा.

त्यानंतर एका संध्याकाळी वर साखळी काढल्याचा आवाज आला. मी इस्त्री उभी करून कान दिला. ती त्याला म्हणत होती की रविवारी चर्च सुटल्यावर जेवायला ये. त्यानं रोजच्यासारखा डबा दाराशी ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, त्याला कळलं नसावं.

मग त्यानं विचारलं, "आत?"

ती म्हणाली, "हो. आत. टेबलावर."

तो खाली आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझेच डोळे भरून आले होते आणि त्याला ते दाखवायचे नव्हते. कोट टेबलावर ठेवून तो गेला.

बाई कामाला लागली. टेबलावरची चादर मला इस्त्रीला दिली, आणि नीट कर हं, असं दोनदा बजावलं. मलाही जेवायला बोलावलं, कारण एकट्या बाईनं परक्या माणसाशी बोलायचं तरी काय. त्याला काय आवडतं हे मला विचारलं. मला काय ठाऊक? डबा रिकामा येतो, एवढंच तिलाही ठाऊक होतं. रविवारी ती पहाटेपासून स्वयंपाकघरात होती, चर्चलाही आली नाही. मी गेलो तेव्हा तिसरं ताट माझ्यासाठी मांडलेलं होतं, आणि बाईनं केस नीट विंचरून ठेवणीतला पोशाख घातला होता.

तो आला नाही. रस्सा एकदा गरम केला, दुसऱ्यांदा केला. बाई म्हणाली, राग आला असेल त्याला, इतके दिवस बाहेर बसवलं ना. मी म्हटलं, तसा माणूस नाही तो, वेळ कळली नसेल. शेवटी ती उठली आणि तिनं चपला घातल्या. मीही मागोमाग निघालो.

गोदामाचं दार सताड उघडं होतं. आत कोणी नव्हतं. सतरंज्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या, आणि एक राखणदार झाडू मारत होता. तो म्हणाला, सकाळीच गाड्या आल्या, सगळ्यांना नेलं. कोणाला कुठे, कोणाला कुठे, पाच-सहा गावांत वाटून टाकलं. त्यांना तरी कुठे आधी सांगितलं होतं? माणूस काही वाईट नव्हता. बाईचा चेहरा पाहून त्यानं झाडू बाजूला ठेवला. म्हणाला, ऑफिसात फोन करून विचारतो, तुमचा माणूस कुठल्या गावी गेला ते लगेच कळेल. निरोपही देता येईल.

मग त्यानं विचारलं, "नाव काय त्याचं?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. गठ्ठेवाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं.

राखणदार म्हणाला, बरं, तुमचा कोण लागतो ते तरी सांगा. उंच होता, खांदे पडलेले होते, असं मी काहीबाही सांगायला लागलो. तो म्हणाला, दादा, अशी माणसं तिथे ढिगानं होती. आणि त्यानं पुन्हा झाडू उचलला.

आम्ही परत निघालो. रविवार असल्यामुळे दुकानं बंद होती. बाई माझ्या पुढे चालत होती, आणि तिला गाठायचं धाडस मला होईना. कारखान्याच्या फाटकापाशी ती थांबली.

"पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं होतं," ती म्हणाली. "'आई, तुमचं नाव काय?' मी सांगितलं. मग रोज सकाळी दाराशी हळूच माझं नाव घ्यायचा, तेव्हा मला कळायचं की गठ्ठा आला. या नावानं मला हाक मारणारं दुसरं कोणी नाही रे आता. आणि मी त्याला उलट विचारलंसुद्धा नाही."

मी तिला धीर द्यायला तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "चला, काजबाई."