संतोषचा बेलभंडारा

संतोष गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिखलीच्या माझ्या कृषी सेवा केंद्रात एका शेतकऱ्याला मिरचीवरची फवारणी समजावून सांगत होतो. फोन मावशीचाच होता. ती रडत नव्हती. "संतोषनं सोताले संपवलं रे," एवढंच म्हणाली. तो शुक्रवार होता.

संतोष माझा मावसभाऊ. उंद्रीचं घर, भाजीपाल्याची शेती. नात्यात कुणाला फ्रिज वरच्या मजल्यावर चढवायचा असला की आधी संतोषला बोलावणं जायचं आणि चहा प्यायच्या आत काम झालेलं असायचं. चिखलीच्या एका जिममध्ये तो आधी शिकला, मग तिथंच शिकवू लागला. घर माळकरी, पण मावशीनं त्याच्या अंड्यांसाठी परसात वेगळी चूल मांडली. नाकाला पदर लावून ती अंडी उकडायची आणि आम्ही तिला चिडवायचो. लेकाचं अंग भरताना पाहून तिचा आनंद मात्र लपत नसे.

पुढे शरीरसौष्ठव स्पर्धेच्या नादात कुणीतरी त्याला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. अंग फुगलं, तसा माणूस बिघडत गेला. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावायचा आणि घटकाभरानं गोठ्यात जाऊन लहान पोरासारखा रडायचा. भर उन्हाळ्यात शर्टाखाली दोन-दोन बनियन घालायचा. काऊन रे, असं विचारलं तर म्हणाला, "दादा, मी लई किडमिडा दिसतो." अख्खा दरवाजा अडवून उभा असलेला माणूस हे सांगत होता. मला हसू येणार होतं, पण त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ते विरून गेलं.

एके दिवशी त्यानं बापावर हात उगारला. तेव्हा मावशीनं त्याला खंडोबाच्या देवळात नेलं आणि बेलभंडारा उचलायला लावला, बेल अन् हळद हातात धरून आईची शपथ. अंगासाठी यापुढे सुई नाही, गोळी नाही, कुठलंच औषध नाही. आमच्याकडे दारू सोडवायची असो की भावकीचं भांडण मिटवायचं असो, शेवटी हेच करतात, आणि देवापुढे बेलभंडारा उचललेला माणूस सहसा शब्द मोडत नाही. संतोषनं त्याच दिवसापासून सगळं एकदम बंद केलं.

घर शांत झालं. मावशीनं शिरा करून गल्लीत वाटला. संतोष दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्यानं जिम सोडली, जेवण टाकलं, अंग उतरू लागलं तसा आरशावर टॉवेल टाकून ठेवला. इतक्या तापट माणसाचं गप्प होणं आम्हाला बरं होणंच वाटलं. थकलाय, पडू द्या त्याले, असं सगळेच म्हणायचे.

शेवटी मी त्याला बुलढाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले की ही औषधं एकदम सोडली की शरीराला सावरायला वेळ लागतो, तोवर मन पार खचतं, जगणं नको वाटतं. हा आजार आहे, उपचारानं बरा होतो, फक्त वेळ घालवू नका. त्यांनी गोळ्या दिल्या. संतोषनं मान डोलावली, पण घरी आल्यावर पाकीट माझ्या हातात परत ठेवलं. "मी भंडारा उचलला हाय, दादा. गोळी घेतली अन् मायले काही झालं तं?"

मी मावशीला सांगितलं. तिनं जराही वाद घातला नाही. देवापुढं घेतलेली शपथ देवापुढंच उतरवायची, म्हणाली, आणि खंडोबाचा वार रविवार. येत्या रविवारी जायचं ठरलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही... रविवार काही लांब नव्हता.

दहाव्याला पिंड मांडला. कावळे लिंबावर बसून होते, खाली येईनात. रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन गेलेल्याला शब्द देऊ लागला. बापानं धाकट्या बहिणीच्या लग्नाचा शब्द दिला, मी मावशीला सांभाळीन म्हणालो. कावळे हलले नाहीत. मग त्याच्या जिममधला राहुल पुढे आला. शर्टाच्या बाह्या दंडात रुतलेल्या, डोळे सुजलेले. "संतोष, तुयी शपथ, मी बी आजपासून सुई..."

मागे बायकांत बसलेली मावशी उठली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"शपथ नको घेऊ, बाबू. दवाखान्यात चाल."

तो खाली मान घालून उद्या जातो म्हणाला.

"उद्या नाही. आताच."

कावळा अजून शिवला नाही, असं कुणीतरी मागून म्हणालं. मावशीनं वळूनही पाहिलं नाही. मला गाडी काढायला लावली आणि राहुलला घेऊन मागच्या सीटवर बसली. बुलढाणा येईपर्यंत तिनं त्याचं मनगट सोडलं नाही.