दोन पात्यांमधली चुन्याची रेघ

“पाय उचल. शून्यावर उभा आहेस तू, गाढवा. शून्यावर कोणी उभं राहतं का?”

भिंगरी मास्तर भर बाजारपेठेत ओरडत होते, आणि ज्याच्यावर ओरडत होते तो मी होतो. देवासच्या सडकेच्या मधोमध मास्तरांनी चुन्याची लांबलचक रेघ ओढली होती आणि आमचा बीजगणिताचा अख्खा वर्ग तिच्या दोन बाजूंना उभा केला होता. मागे एक बैलगाडी खोळंबली होती. गाडीवान म्हणाला, “मास्टर साब, गाडी कईं माथा पे से ले जऊं?”

“थांब भिया,” मास्तर म्हणाले. “छेद शून्य झाला की माझाही रस्ता बंद होतो.”

भिंगरी हे नाव आमचंच. मास्तरांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. शाळेने दिलेल्या खुर्चीत मांजरीची वेतं होत. जेवायचे तेही उभ्याने, एक घास स्वयंपाकघरात तर दुसरा अंगणात. शिकवताना इतक्या येरझारा घालायचे की फरशी झिजून वर्गात पन्हळ पडली होती, आणि उन्हाळ्यात शिपाई तीत पाणी सोडून आम्हाला गारवा करून द्यायचा. खोटं वाटत असेल तर शिपायाला विचारा. तो आता हयात नाही ही गोष्ट वेगळी.

नोकऱ्यांचंही तेच. नालछ्याला टिकले नाहीत, बागलीला टिकले नाहीत. देवासात पाऊल टाकतानाच मास्तरीणबाईंनी बजावलं होतं, “या गावात तरी मला वृंदावन हवं. घासलेटच्या डब्यातली तुळस गावोगाव मिरवून दमले मी.” मास्तरांनी त्याच दिवशी विटा आणून अंगणात टाकल्या. शाळेत कायम झाल्याचा हुकूम आला की बांधायचं, असं ठरलं. आणि तो हुकूम त्याच आठवड्यात यायचा होता.

आलेख हा प्रकार शाळेत तेव्हा नवाकोरा होता. मास्तरांनी फळ्यावर ‘एक भागिले क्ष’ काढला. वाकडी रेघ उभ्या रेघेच्या जवळ जवळ जाते आणि शिवत मात्र नाही, हे काही आमच्या डोक्यात शिरेना. मास्तर दारापर्यंत जाऊन आले.

“आत्या सोवळ्यात आहे आणि तुला भूक लागली आहे. किती जवळ जाशील?”

“हवं तितकं, मास्तर.”

“आणि शिवशील?”

“छे. पळी घालील डोक्यात.”

“झालं तर. जवळ जा, शिवू नकोस. एवढंच आहे त्यात.”

माझं तोंड तिथेच मिटतं तर बरं होतं. पण मी विचारलं, “मग रेघेच्या पलीकडे दुसरी वाकडी रेघ आली कुठून?” मास्तरांचे डोळे चमकले. फळा त्यांना पुरेनासा झाला. चुन्याची बादली उचलून ते निघाले, मागून आम्ही.

देवासात तेव्हा दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि त्यांची शीव या सडकेच्या मधून जायची. उजवीकडचा कुत्रा थोरल्या पातीत भुंकायचा, डावीकडचा धाकट्या पातीत; शिवेवर आले की दोघे गप्प. मास्तरांना रेघ आयतीच मिळाली. टेकडीची बाजू वर, तळ्याची बाजू खाली.

“उजवीकडे एक हात सरक, टेकडीकडे एक हात चढ. अर्धा हात सरक, दोन हात चढ. पाव हात, चार हात.” शिवेच्या जितकं जवळ, तितका पोरगा टेकडीकडे. शेवटचा म्हणे टेकडीवरच्या देवीच्या पायऱ्यांवर प्रसाद खाताना सापडला. डावीकडे सगळं ऋण, म्हणून तिकडची पोरं तळ्याकडे उतरत गेली.

धाकट्या पातीचे मानकरी नानासाहेब आपल्या ओट्यावरून हे पाहत होते. ते खाली उतरले. “मास्तर, थोरली पाती टेकडीवर आणि आम्ही तळ्यात? हे कुठलं गणित?”

“सोपं आहे. एकाच्या आधी ऋण चिन्ह लावतो,” म्हणत मास्तरांनी पोरं फिरवली. आता डावीकडची टेकडीकडे चढली, उजवीकडची तळ्याकडे घसरली.

तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून आबासाहेब उतरले. हे थोरल्या पातीचे. शाळेवर देखरेख यांची आणि मास्तरांच्या हुकुमावर सहीही यांचीच. “थोरल्या पातीला तळ्यात लोटता?”

“इतके दिवस वर होतात, आता बघा खाली कसं वाटतं,” नानासाहेब म्हणाले.

दोघे एकमेकांकडे निघाले. एक पाऊल, मग अर्धं, मग पाव. पगड्या टेकायच्या बेताला आल्या, मिशांचे केस एकमेकांना मुजरे करू लागले. पण चुन्यावर पाय कोणी ठेवीना. पहिला ठेवील त्याने दुसऱ्याच्या दारी पायधूळ झाडली असं झालं असतं. आणि मास्तर, आयुष्यात पहिल्यांदा, एका जागी थांबले.

“पोरांनो,” ते हळूच म्हणाले, पण बाजार इतका शांत होता की तळ्यापर्यंत ऐकू गेलं. “फळा विसरा. हे पाहा. जवळ, आणखी जवळ, आणि कधीच नाही.”

अख्खा बाजार हसला. बैलसुद्धा हसले, मी पाहिलं आहे. आबासाहेब तेवढे हसले नाहीत. “हुकूम येईल मास्तर,” ते म्हणाले. “पण वेगळा.”

एकाला क्षऐवजी क्षच्या वर्गाने भागलं असतं तर दोन्ही पात्या टेकडीकडेच चढल्या असत्या, आणि नोकरीही वाचली असती. पुढे धारला भेटले तेव्हा मास्तरांनीच मला हे सांगितलं, अर्थात उभ्याने. “तेव्हा सुचलं नाही का?” मी विचारलं. “सुचलं होतं रे,” ते म्हणाले, “पण ते दोघे इतके सुंदर उभे होते.” आजही मी दोन माणसांना तावातावाने भांडताना पाहिलं की आधी त्यांच्या मधली रेघ शोधतो.

त्या दिवशी मात्र मी धावत मास्तरांच्या घरी गेलो. मास्तरीणबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

“काकू, मास्तरांची नोकरी गेली. आता वृंदावनाचं काय?”

त्यांनी सुपातून एक खडा काढून अंगणात, विटांच्या ढिगावर टाकला.

“विटा शेजारी देऊन टाक,” त्या म्हणाल्या. “तुळस अजून डब्यातच आहे.”