सासूबाईंची कवळी आणि सुनेची दाढ

"मॅडम, दाताला हात लावायचा नाय. पोटात लेकरू हाय."

सासूबाई वैजापूरहून खास माझ्या दातांच्या दवाखान्यात आल्या होत्या. खुर्चीत त्यांची सून आरती, सहावा महिना, डावा गाल टम्म सुजलेला. नवरा भिंतीला टेकून उभा. त्याचं एकच वाक्य ठरलेलं: "आई म्हणेल तसं."

"मग माझ्याकडं कशाला आणलीत?" मी विचारलं.

"गोळी लिहून द्या. बाळंत झाल्यावर बघू."

"मावशी, त्याच्या आधी हा गाल बाळंत होईल."

दाढेच्या मुळाशी पू झाला होता. आरतीनं धड जेवण सोडलं होतं आणि मेडिकलवाल्याला विचारून पेनकिलर घेत होती. गरोदरपणात काही पेनकिलर चालत नाहीत, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. दाढ उघडून पू काढून टाकायचा, म्हणजे रूट कॅनालची सुरुवात करायची, एवढंच काम होतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात हे बिनधास्त करता येतं. तेवढीच जागा बधिर होते, बाळ मजेत असतं.

मी तिच्या गायनॅकना फोन लावून स्पीकरवर टाकला. त्या कडाडल्या, "अजून केलं नाही? इन्फेक्शन पोसताय का?"

सासूबाईंनी कवळी काढून थेट माझ्या ट्रेमध्ये ठेवली.

"ह्ये बघा. एकेका लेकरानं एकेक दात नेला माझा," त्या बोळक्या तोंडानं म्हणाल्या. "बाईचं असंच असतंय."

"लेकरं दात नेत नाहीत, मावशी. त्या दिवसांत हिरड्या सुजतात, उलट्यांच्या आंबटपणानं दात झिजतात. तेव्हा दाखवलं असतं तर बरेच वाचले असते."

सासूबाई कवळीकडं बघत राहिल्या. "मला लई दुखायचं. कुणी नेलंच नाय."

शेवटी सुजल्या तोंडानं आरतीच सासूबाईंना म्हणाली, "आत्या, मला नाय सहन होत आता."

सासूबाईंनी कवळी बसवली, पदर खोचला. "करा हो मॅडम. मी धरते तिचा हात."

दाढ उघडताच पू आला आणि त्यासोबत वासही. आरतीनं सुटकेचा श्वास सोडला. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. आडवा झाला तो नवरा. त्याला बाहेरच्या बाकावर झोपवून तोंडावर पाणी मारावं लागलं.

"ह्याला कितवा महिना?" सासूबाईंनी विचारलं.

पुढं रूट कॅनाल पूर्ण झालं. दिवस भरल्यावर मुलगी झाली, ठणठणीत. आता तिला दात आलेत. आजी रोज ओल्या फडक्यानं ते पुसते आणि बाटलीत साखर घालणाऱ्या लेकाला सगळ्यांदेखत झापते.

गरोदर बाईची दाढ बधिर करायला एक इंजेक्शन पुरतं. सोबत आलेल्यांसाठी तसलं काही अजून बाजारात नाही. तिथं तोंडच चालवावं लागतं.